पूर ओसरल्यावर घरात दडलेली ओल: शोधायची कशी, घालवायची कशी

पुराचं पाणी घराबाहेर गेलं, गाळ काढून झाला, फरशी धुतली, चार दिवस पंखे फिरले. भिंतीचा गडद पडलेला रंग फिकट झाला आणि हात लावला तर भिंत कोरडी लागते. बहुतेक घरांत याच टप्प्यावर रंगारी बोलावला जातो आणि कपाटं पुन्हा भिंतीला लागतात. काही आठवड्यांनी बंद खोलीत कुबट वास येऊ लागतो, नवा रंग फुगतो, दाराची चौकट खालून काळी पडते. पुराने केलेलं नुकसान एकदा भरून काढलेलं असतं, तेच काम पुन्हा उकरावं लागतं.

असं होतं कारण भिंत बाहेरून आत वाळते. वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर वारा लागला की लवकर कोरडा होतो, पण त्यामागे विटेत, गिलाव्यात, फरशीखालच्या थरात पाणी तसंच असतं. साधी भाजलेली वीट स्वतःच्या वजनाच्या १० ते २० टक्के पाणी शोषू शकते. म्हणजे ३ किलोच्या एका विटेत ३०० ते ६०० मिलिलिटर पाणी. एका भिंतीत अशा किती विटा असतात याचा अंदाज घेतला की चार दिवसांच्या पंख्याने हे पाणी का जात नाही ते कळतं.

म्हणून भिंत कोरडी दिसते का, या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. जिथे पुराचं पाणी पोचलंच नव्हतं, तिथल्या तशाच भिंतीइतकी ही भिंत कोरडी झाली आहे का, ते मोजा. तोवर काहीही झाकू नका. पुढची सगळी खटपट या एका तुलनेसाठी आहे.

आत पाऊल टाकण्याआधी

वीजपुरवठा मुख्य ठिकाणी बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय आत जाऊ नका. मेन स्विचपर्यंत पाण्यातून चालत जावं लागत असेल तर वीजपुरवठा बाहेरूनच वायरमनकडून तोडून घ्या. गॅसचा वास आला तर लगेच बाहेर पडा. छत खाली झुकलेलं असेल, भिंतींना नव्या तिरक्या भेगा पडल्या असतील किंवा पूर्वी नीट लागणारी दारं आता अडकत असतील, तर आधी अभियंत्याला दाखवा. ओलीची काळजी त्यानंतर.

पुराच्या पाण्यात सांडपाणी, इंधन, रसायनं असं सगळं मिसळलेलं असतं. गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच. साध्या रुमालाने बुरशीचे सूक्ष्म बीजाणू अडत नाहीत. दमा असलेली माणसं, लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना या कामापासून लांब ठेवा. जनरेटर लावणार असाल तर तो घरात, गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब आणि दारं-खिडक्यांच्या दिशेने धूर येणार नाही असा ठेवा.

भिंती धुण्याआधी एक काम आवर्जून करा. पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ प्रत्येक खोलीत पेन्सिलीने पक्की करा, जमिनीपासूनची उंची मोजून लिहा आणि फोटो काढा. धुतल्यावर ती रेघ पुसली जाते आणि पुढे कुठवर शोधायचं याचा आधारच जातो. विम्याच्या दाव्यालाही हे फोटो लागतात.

पहिले दोन दिवस

ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. त्यामुळे सुरुवातीची घाई योग्य आहे, फक्त ती शोषून घेणाऱ्या वस्तू बाहेर काढण्यासाठी करावी. गाद्या, सोफ्याचे फोम, गालिचे, उशा, पुठ्ठ्याची खोकी आधी हलवा. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी किंवा फोम उन्हात कितीही वाळवला तरी आतली घाण जात नाही. टाकून देणं बरं. महत्त्वाची कागदपत्रं आणि जुने फोटो भिजले असतील आणि लगेच सुटे करून वाळवायला सवड नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही आणि नंतर निवांतपणे ते हाताळता येतात.

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की तो दगडासारखा चिकटतो आणि खरवडताना उडणारी धूळ छातीत जाते. फावड्याने काढून झाल्यावर भिंतींचा भिजलेला भाग आणि फरशी साबणाच्या पाण्याने घासून धुवा. आणखी पाणी कशाला ओतायचं, असं वाटेल. पण घाण तशीच वाळवली तर बुरशीला खाद्य आत राहतं आणि वासही राहतो. धुतल्यावर ओल्या कचऱ्यासाठी चालणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर जरूर वापरा. पाणी हवेत वाळवण्यापेक्षा पाण्याच्याच रूपात उपसणं कितीतरी पटीने सोपं असतं.

तळघर असेल तर मात्र घाई करू नका. बाहेरची माती पाण्याने तुडुंब असते आणि भिंतींना बाहेरून दाबत असते. आतलं पाणी एकदम काढलं तर त्या दाबाला आतून आधार उरत नाही आणि भिंत आत कोसळू शकते किंवा तळ उचलला जाऊ शकतो. साधारण १ फूट उपसा, पातळीची खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी पुन्हा वर आलं असेल तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही, असं समजा आणि थांबा.

पाणी दडतं कुठे

गिलावा, वीट, सिमेंट आणि लाकूड यांत केसाहून बारीक नळ्या असतात. केशाकर्षणाने पाणी त्यांतून आपोआप वर चढतं. म्हणून पुराची रेघ ही ओलीची वरची सीमा नसते. जिप्सम बोर्डात (कागदाच्या दोन थरांमधली जिप्समची पाटी) पाणी रेघेच्या वर सहज फूटभर चढतं, विटांच्या भिंतीत त्याहूनही जास्त. पेन्सिलीच्या रेघेपासून किमान अर्धा-एक मीटर वरपर्यंत शोध घ्यायचा, हे धरूनच चाला.

पोकळ भिंती सगळ्यात फसव्या. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या कप्प्यांत पाणी अक्षरशः साचून राहतं. बाहेरून गिलावा वाळतो आणि आत तळाशी डबकं असतं. बोर्डाच्या भिंतीत दोन बोर्डांमध्ये काचतंतूंचं इन्सुलेशन असेल तर ते भिजून खाली बसतं आणि ओलं फडकं भिंतीत चिणून ठेवावं तसं महिनोन्महिने ओल सोडत राहतं.

फरशीखाली वाळू-सिमेंटचा थर असतो. टाइलमधून पाणी जात नाही, पण सांध्यांतून, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी फरशीलगत बसवलेली पट्टी) मागून, उंबऱ्यापाशी ते खाली उतरतं. आत जायला वाट सापडली तरी परत यायला तेच बारीक सांधे, त्यामुळे हा थर भिंतीपेक्षाही हळू वाळतो. लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन असेल तर तिच्याखाली बहुधा फोमचा पातळ पत्रा असतो आणि पाणी त्या दोहोंच्या मध्ये अडकतं. अशी जमीन न उचलता वाळवण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो.

बाकीच्या जागा पटकन सांगतो, कारण त्या एकदा नजरेत आल्या की विसरत नाहीत. दाराच्या चौकटीची तळाची आडवी कड, जी भिंतीत किंवा जमिनीत गेलेली असते. भिंतीत बसवलेल्या कपाटांची मागची फळी आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांचा पाया. जिन्याखालची बंद जागा. बाथटब किंवा न्हाणीघराच्या उंचवट्याखालचा भराव. वॉलपेपरची मागची बाजू. पाईप भिंतीतून जातो तिथलं छिद्र. वातानुकूलनाचे जमिनीलगतचे डक्ट. आणि पाणी वरच्या मजल्यावरही शिरलं असेल तर खालच्या खोलीचं फॉल्स सीलिंग.

विजेच्या पाइपांचा वेगळा उल्लेख करायला हवा. भिंतीतल्या वायरच्या नळ्यांत पाणी भरतं आणि सखल वळणांवर थांबतं. स्विचबोर्ड कोरडा दिसला तरी नळी ओली असू शकते. पाण्याखाली गेलेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नका, बदला. वायरिंगची मेगर चाचणी (वायरच्या आवरणातून वीज गळते का, ते तपासणारी) इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्याशिवाय त्या भागात वीज सुरू करू नये. पंखे आणि यंत्रं तोवर न भिजलेल्या भागातल्या सुरक्षित जोडणीवरून चालवा.

शोधाची पहिली फेरी: नाक, हात, कान

महागड्या उपकरणाआधी घर स्वतः तपासा. खोलीची दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी आत शिरताक्षणी वास घ्या. पहिल्या काही श्वासांतच कुबटपणा कळतो, नंतर नाक सरावतं. मग खोलीच्या कोपऱ्यांत, कपाटांच्या आत आणि स्विचबोर्डाजवळ स्वतंत्रपणे वास घ्या.

भिंतीवर टॉर्च सरळ न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. सपाट दिसणारी भिंत कुठे फुगली आहे, रंगाखाली कुठे हवा शिरली आहे, ते सावल्यांतून लगेच दिसतं. तळहाताऐवजी हाताची पालथी बाजू भिंतीवर फिरवा, तिला गारवा लवकर कळतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे आसपासच्या भागापेक्षा थंड लागते. गिलाव्यावर आणि टाइलवर बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ, बद्द आवाज येतो तिथे थर सुटला आहे. लाकडी चौकटीत तळाशी पेचकसाचं टोक हलकेच दाबा. ते मऊ लागलं, आत गेलं, तर ओल जुनी झाली आहे.

प्लॅस्टिकची चाचणी

सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक घ्या आणि चारही कडा चांगल्या चिकटपट्टीने जमिनीवर किंवा भिंतीवर बंद करा. १६ ते २४ तासांनी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले किंवा खालचा भाग गडद झाला, तर ओल आतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या हवेतलं बाष्प आहे. याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि ओल आतली की बाहेरची, हा महत्त्वाचा प्रश्न सुटतो. मात्र निकाल ‘कोरडं’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आतून येणारं बाष्प थेंब धरण्याइतकं नसलं तरी रंग खराब करण्याइतकं असू शकतं.

हीच चाचणी थोडी सुधारता येते. प्लॅस्टिकच्या जागी उलटा ठेवलेला पारदर्शक डबा घ्या, आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा आणि कडा हवाबंद करा. आकडा स्थिर व्हायला काही दिवस लागू शकतात. स्थिर झालेली सापेक्ष आर्द्रता १०० च्या आसपास असेल तर खालचा थर अजून भिजलेला आहे. फरशीवर नवं आच्छादन टाकण्याआधी असा आकडा ७५ टक्के किंवा त्याखाली यावा, असा निकष ब्रिटिश मानकांत आहे आणि घरगुती कामासाठी तो चांगला मापदंड आहे.

स्वस्त हायग्रोमीटर चुकतात, त्यामुळे आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात मीठ चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी टाका, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसायला हवा. ७० दिसला तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं. पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

मॉइश्चर मीटर आणि त्याची फसवणूक

पुरानंतर एकच उपकरण घ्यायचं असेल तर मी मॉइश्चर मीटर घ्यायला सांगेन. दोन प्रकार असतात. पिनांचा मीटर दोन सुयांमधला विद्युतरोध मोजतो. ओल जितकी जास्त, तितका रोध कमी. बिनपिनांचा मीटर पृष्ठभागावर टेकवला की साधारण दोन-अडीच सेंटिमीटर खोलीपर्यंतचा अंदाज देतो आणि भोकं पाडत नाही. पटापट मोठी भिंत चाळायला बिनपिनांचा, शंका आली तिथे पक्कं करायला पिनांचा, अशी जोडी सगळ्यात उपयोगी.

आता फसवणुकीचं. यावरचा टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा लाकडासाठी आखलेला असतो. तोच मीटर विटेला किंवा सिमेंटला लावला आणि २२ दिसलं, तर याचा अर्थ विटेत २२ टक्के पाणी आहे असा होत नाही. तिथे तो आकडा फक्त तुलनेसाठी आहे. दुसरं, क्षार. पुराच्या पाण्यातले आणि सांडपाण्यातले क्षार भिंतीत राहिले की वीज सहज वाहते आणि पिनांचा मीटर कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतो. तिसरं, धातू. बिनपिनांच्या मीटरखाली पाइप, सळई, वायर किंवा फॉइल आलं की आकडा उडी मारतो. भिंतीवर एका सरळ पट्ट्यातच आकडा वर जात असेल तर आधी पाइपाचा संशय घ्या.

थर्मल कॅमेरा भाड्याने मिळाला तर मोठं क्षेत्र झटपट दिसतं, पण तो ओल दाखवत नाही, तापमान दाखवतो. ओली जागा थंड असते म्हणून ती दिसते. तशीच एसीचा झोत लागणारी किंवा सावलीतली भिंतही थंड दिसते. कॅमेऱ्यात सापडलेली प्रत्येक जागा मीटरने खात्री करून घ्या.

सगळं वाचन नकाशावर मांडा. घराचा साधा आराखडा काढा. प्रत्येक भिंतीवर जमिनीपासून १५, ५०, १०० आणि १५० सेंटिमीटर उंचीवर, दर मीटरभर अंतराने खडूने फुल्या करा आणि त्याच फुल्यांवर दर दोन-तीन दिवसांनी मोजा. सोबत एक संदर्भ-वाचन हवंच: त्याच प्रकारच्या भिंतीचा पूर न पोचलेला भाग, वरचा मजला असेल तर उत्तम, नाहीतर छताजवळची जागा. तो आकडा म्हणजे तुमचं ध्येय. चौकटी-फळ्यांसाठीही न भिजलेल्या लाकडाचं वाचन घ्या.

काय उघडायचं

न उघडता वाळवण्याचा मोह फार असतो. माझं मत स्पष्ट आहे: पोकळीत पाणी गेलं असेल तर ती उघडलीच पाहिजे.

स्कर्टिंग आधी काढा. तिच्यामागे भिंत आणि फरशी यांचा सांधा असतो आणि तिथेच ओल सगळ्यात उशिरा जाते. पुरात बुडालेला जिप्सम बोर्ड रेघेपासून वर किमान फूटभर, आणि मीटर त्याहून वर ओल दाखवत असेल तर तिथवर, आडवा कापून काढा. मागचं काचतंतूंचं इन्सुलेशन टाकून द्या. बंद पेशींचा फोम पाणी शोषत नाही, तो धुऊन ठेवता येतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत सगळ्यात खालच्या थरात प्रत्येक कप्प्याला एक छोटं भोक पाडा. पाणी बाहेर येईल आणि नंतर हवाही खेळेल. भोकं पाडण्याआधी वीज बंद आहे आणि तिथून पाण्याचा पाइप जात नाही, हे तपासा.

वीट-गिलाव्याच्या भिंतीला गिलावा चांगला चिकटून असेल तर तो राहू द्या, पण तैलरंग किंवा जाड प्लॅस्टिक रंग खरवडून काढा. हे रंग भिंतीवर रेनकोटसारखे बसतात आणि आतलं बाष्प अडवतात. वॉलपेपर पूर्ण काढा. पोकळ वाजणारा गिलावा पाडा. जुन्या घरातले सिमेंटचे पत्रे किंवा जुनी आवरणं तोडण्याआधी त्यांत ॲस्बेस्टॉस असल्याची शंका असेल तर स्वतः हात लावू नका.

टाइलबाबत निर्णय अवघड आहे. फुटलेल्या किंवा सुटलेल्या टाइल काढाच. चांगल्या बसलेल्या टाइलखालचा थर ओला असेल, तर भिंतीकडची एक ओळ काढून त्या पट्टीतून हवा खेळू देणं हा मधला मार्ग आहे. वेळ लागतो, पण सगळी जमीन वाचू शकते. पार्टिकल बोर्डाचं फर्निचर फुगलं की पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात वेळ घालवू नका. सागासारखं भरीव लाकूड मात्र सावकाश वाळवलं तर टिकतं. त्याचे ड्रॉवर आणि मागच्या फळ्या काढून ठेवा, थेट उन्हात टाकू नका, नाहीतर ते पिळवटतं आणि तडकतं.

वाळवणं: खिडकी उघडायची की लावायची

वाळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात पृष्ठभागावर पाणी भरपूर असतं, तेव्हा वारा हेच औषध. पंखे भिंतीवर सरळ रोखण्यापेक्षा भिंतीला समांतर, तिरपे झोत जातील असे ठेवा. दुसऱ्या टप्प्यात पृष्ठभाग कोरडा असतो आणि पाणी आतून सरपटत बाहेर येत असतं. आता पंख्याचा वेग वाढवून फारसा उपयोग नाही. खोलीतली हवा सतत कोरडी ठेवणं आणि थांबणं एवढंच हातात उरतं. लोकांचा धीर सुटतो तो इथेच.

हवा कोरडी कशाने ठेवायची, ते बाहेरच्या हवेवर ठरतं. बाहेर पाऊस आहे, तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के आहे असं समजू. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं. आत ३१ अंश आणि ६५ टक्के असेल तर सुमारे २१ ग्रॅम. बाहेरची हवा गार आणि सुखद वाटते, पण खिडकी उघडली तर घरात बाष्प वाढेल. याउलट बाहेर ऊन पडून ३२ अंश आणि ४५ टक्के झालं, तर बाहेर फक्त १५ ग्रॅम. आत २७ अंश आणि ८० टक्के असताना २० च्या वर. तेव्हा सगळ्या खिडक्या उघडा आणि आरपार वारा येऊ द्या. हिशेब करायचा नसेल तर दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड झाली की बाष्पाचे थेंब धरू लागतात ते तापमान. हवामानाच्या अनेक ॲपवर तो असतो आणि चांगले हायग्रोमीटरही दाखवतात. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तरच खिडकी उघडावी.

बाहेर सतत दमट असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प काढून घेणारं यंत्र) लागतो आणि तो चालू असताना दारं-खिडक्या बंदच हव्यात, नाहीतर ते यंत्र सगळ्या जगाची हवा वाळवत बसेल. उबदार हवामानात थंड नळ्यांवर बाष्पाचं पाणी करून घेणारं नेहमीचं यंत्र चालतं. थंडीत, साधारण १५ अंशांच्या खाली, शोषक पदार्थावर चालणारं यंत्र बरं. टाकी भरून सारखी बंद पडू नये म्हणून नळी थेट मोरीत सोडा. रोज किती पाणी निघालं ते लिहून ठेवा. तो आकडा उतरत गेला की वाळण्याचा वेग कळतो. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणणं हे लक्ष्य, ६० च्या वर सतत राहू देऊ नका. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या कपाटापुरत्या ठीक. भिजलेल्या भिंतीपुढे त्यांचा काही जोर नाही.

हीटरने भराभर तापवणं टाळा. लाकूड तडकतं, गिलावा सुटतो, आणि बाष्प बाहेर काढायची सोय नसेल तर ते दुसऱ्या थंड भिंतीवर जाऊन बसतं. हलकी उष्णता आणि सोबत बाष्प काढण्याची वाट, हे बरोबर.

किती दिवस लागतील? बोर्ड कापून उघड्या केलेल्या लाकडी सांगाड्याला काही आठवडे. काँक्रीटसाठी बांधकामातला ढोबळ हिशेब असा, की चांगल्या परिस्थितीत २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना. जाड विटांच्या भिंतीलाही काही महिने धरा. हे ऐकून निराश होऊ नका. या काळात उघड्या भिंतींच्या घरात राहता येतं, फक्त त्या झाकायच्या नाहीत.

बुरशी दिसली तर

बुरशी दिसताक्षणी त्या खोलीतले पंखे बंद करा, नाहीतर बीजाणू घरभर पसरतात. बाधित भाग एक चौरस मीटरच्या आत असेल तर मास्क, हातमोजे आणि चष्मा लावून स्वतः साफ करता येतो. त्याहून जास्त असेल तर जाणकार कामगार बोलवा. टाइल, धातू, काच अशा कठीण पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याने घासून पुसलं आणि कोरडं केलं की बहुतेक काम होतं. जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरायचंच असेल तर एक लिटर पाण्यात ६० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि ते अमोनिया, आम्ल किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. गिलावा, लाकूड, बोर्ड अशा शोषक वस्तूंत ब्लीच आत पोचत नाही. त्यातलं पाणी मात्र पोचतं. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती काढणं महत्त्वाचं. वरून रंग मारून बुरशी थांबत नाही.

लोणा

भिंत वाळताना आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पांढरी पिठासारखी लव धरते. हा लोणा बुरशी नाही; चिमटीत घेतला तर चुरतो आणि पाण्यात विरघळतो. तो धुऊ नका, कारण विरघळलेले क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद अंथरून गोळा करा आणि घराबाहेर टाका. दर आठवड्याला झाडत राहा. लोणा येणं थांबलं की भिंतीतून पाण्याची ये-जा मंदावली, ही चांगली खूण.

आकडा उतरायचा थांबला तर

खोलीची हवा कोरडी आहे, पण एखाद्या फुलीवरचा आकडा दोन-तीन आठवडे हलतच नाही. अशा वेळी कुठूनतरी नवं पाणी येत असतं, आणि ते बहुधा डागाच्या आकारावरून ओळखता येतं. पुराची ओल खोलीभर जवळजवळ समान उंचीच्या पट्ट्यात असते. गोलसर डाग, मध्ये जास्त आणि कडेला कमी, हा पाइपगळतीचा. पुराच्या धक्क्याने किंवा जमीन खचल्याने सांधे सुटतात. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा, काटा फिरत असेल तर गळती नक्की. पाऊस पडल्यावरच आकडा वाढत असेल तर बाहेरची भेग किंवा भिंतीला टेकलेला गाळाचा ढीग शोधा. घराभोवतीचा गाळ काढून भिंतीपासून बाहेर उतार देणं हे काम अनेकदा राहूनच जातं, आणि आतली सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते. कोपऱ्यात किंवा फर्निचरच्या मागे, थंडीत वाढणारी ओल हवेतल्या बाष्पाची असते. तिथे हवा खेळती करणं हाच उपाय.

क्षारांमुळे मीटर फसवतो आहे अशी शंका असेल, तर त्या जागी बंद डब्यातला हायग्रोमीटर लावा. त्याला क्षार तितके फसवत नाहीत.

झाकायचं कधी आणि कसं

लाकडाच्या सांगाड्याचं आणि चौकटींचं वाचन १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली यावं; २० च्या वर बराच काळ राहिलं तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. फार दमट हवामानात न भिजलेलं लाकूडसुद्धा १६ दाखवतं, तिथे संदर्भ-वाचनाशी जुळणं महत्त्वाचं. भिंत आणि फरशीसाठी: संदर्भ-वाचनाशी बरोबरी, आणि यंत्रं बंद करून आठवडाभर थांबल्यावरही आकडा न वाढणं. ही दुसरी अट कुणी गाळू नये. यंत्र चालू असताना पृष्ठभाग कोरडा राहतो. बंद केल्यावर आतली ओल पुन्हा वर आली, तर अजून वेळ द्यायला हवा.

सगळं एकदम झाकू नका. आधी सगळ्यात कोरडी खोली घ्या. विटांच्या भिंतीवर बाष्प जाऊ देणारा रंग, चुन्याचा किंवा साधा, पहिल्या वर्षापुरता लावा. जाड प्लॅस्टिक रंग, वॉटरप्रूफ लेप आणि वॉलपेपर पुढच्या वर्षावर ढकला. लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन सगळ्यात शेवटी, आणि बंद डब्यातला आकडा ७५ च्या खाली आल्याशिवाय नाहीच. कपाटं भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे ठेवा आणि त्यांच्या मागे दोन-चार फुल्या तशाच राहू द्या. पहिले तीन महिने महिन्यातून एकदा, नंतर हवा बदलेल तेव्हा, त्या फुल्यांवर मीटर टेकवा आणि आकडा त्याच आराखड्यावर तारखेसह लिहा.